हेवीवेट चॅम्पियनच्या सहीचा ग्लोव्ह घ्यायचाय? खिशात हात घालायच्या आधी हे वाचा

माझ्या कपाटात एक लाल बॉक्सिंग ग्लोव्ह आहे, त्याच्यावर काळ्या मार्करने मुहम्मद अली असं लिहिलंय आणि ते अलीने लिहिलेलं नाही. घेताना सोबत सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट होतं, चमचमता होलोग्राम होता, विकणारा गोड बोलत होता आणि मी नवखा होतो. दोन वर्षांनी सही तपासायला पाठवली तर नापास होऊन परत आली. तो ग्लोव्ह मी टाकून नाही दिला, मुद्दाम समोर ठेवलाय, नवीन काही घ्यायची खुमखुमी आली की आधी त्याच्याकडे बघून घेतो.

त्यानंतर बरीच वर्षं गेली, आता माझ्याकडे ज्या काही सह्या आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या डोळ्यांदेखत झाल्यात. म्हणून म्हटलं जे मला कुणी आधी सांगितलं नाही ते लिहून टाकू. एक प्रश्न आत्ताच पाठ करून टाका, पुढे दर पायरीला लागणारे: ही सही कुठे झाली, कधी झाली आणि होताना कोण बघत होतं?

१. आधी चॅम्पियन ठरवा, आणि तो जिवंत असला तर फार बरं

प्रत्येक नवखा अलीपासून सुरुवात करतो. मीही केली. अलीने आयुष्यभर भरमसाठ सह्या दिल्या, माणूस कुणाला नाही म्हणायचा नाही, त्यामुळे खऱ्या सह्या भरपूर आहेत हे खरंय, पण खोट्याही तेवढ्याच उत्साहाने बनवल्या जातात कारण मागणी कधी आटत नाही. अली ३ जून २०१६ ला गेला. जो फ्रेझर २०११ मध्ये, जॉर्ज फोरमन मार्च २०२५ मध्ये. म्हणजे या तिघांची सही आता तुम्हाला फक्त कुणा दुसऱ्याकडून मिळणार आणि 'होताना कोण बघत होतं' याचं उत्तर त्या दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहणार.

जिवंत चॅम्पियनचं तसं नाही. लॅरी होम्स, माइक टायसन, इव्हँडर होलीफिल्ड, लेनॉक्स लुईस ही मंडळी सह्यांच्या कार्यक्रमांना येत आलीत. माझं वैयक्तिक मत विचाराल तर होम्सपासून सुरुवात करा. १९७८ ते १९८५ एवढा काळ चॅम्पियन, १९८० मध्ये खुद्द अलीला हरवलं, तरी बिचारा कायम अलीच्या सावलीत राहिला, आणि त्याचा फायदा आपल्याला होतो कारण त्याच्या सहीला टायसनसारखा भाव नाही. भाव कमी असला की खोटी बनवणाऱ्यालाही त्यात फार रस नसतो, हे गणित लक्षात ठेवा.

जुन्यांमध्ये जायचंच असेल तर कोण किती सह्या करायचा हे बघा. जॅक डेम्पसी १९१९ ते १९२६ चॅम्पियन होता, म्हणजे केवढा जुना, पण पुढे न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर त्याचं रेस्टॉरंट होतं, ते १९७४ पर्यंत चाललं, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो मेनूवर, पोस्टकार्डवर सह्या करून द्यायचा. त्यामुळे डेम्पसी तसा सापडतो. उलट रॉकी मार्सियानो १९६९ मध्ये विमान अपघातात गेला तेव्हा पंचेचाळीसचा होता, म्हातारपणी कार्यक्रमांत बसून सह्या करायची वेळच आली नाही, म्हणून तो महाग. सनी लिस्टन तर त्याहून अवघड, त्याला लिहिता-वाचता जवळपास येतच नव्हतं, त्यामुळे लिस्टनच्या नावाने सुंदर वळणदार अक्षरात दोन ओळींच्या शुभेच्छा दिसल्या की मी तिथूनच मागे फिरतो.

आणि 'माजी हेवीवेट चॅम्पियन' या शब्दांवर भाळू नका. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या बॉक्सिंग संस्था आहेत, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा, त्यामुळे एकाच वेळी तीन-चार जण चॅम्पियन म्हणून फिरू शकतात. विकणारा नुसतं चॅम्पियन म्हणतो. कुठला बेल्ट, कुठल्या वर्षी, कुणाला हरवून, हे स्वतः बघा.

२. सही कशावर घ्यायची

ग्लोव्ह, फोटो, ट्रंक्स म्हणजे ती ढगळ चड्डी, रोब म्हणजे रिंगमध्ये येताना घालतात तो झगा, सामन्याचं तिकीट किंवा प्रोग्रॅम, साधं कोरं कार्ड. भिंतीवर काय शोभतं ते तुम्ही ठरवा, पण थोडं सांगतो.

ग्लोव्ह सगळ्यांना हवा असतो. बाजारात सही केलेले जे ग्लोव्ह दिसतात ते बहुतेक स्वस्त रेग्झिनचे असतात, चामड्याचे कमी. रेग्झिनवर मार्कर छान उठतो पण शाई वरवर बसते, घासली की जाते. चामड्यात शाई मुरते, टिकते, पण कधीकधी कडेने पसरते. सहीला सपाट जागा लागते, म्हणून मोठा ग्लोव्ह घ्या, चौदा-सोळा औंसाचा. हेवीवेट सामन्यात दहा औंसाचे वापरतात, ते बघायला भारी पण सही दाटीवाटीने होते. जोडी घ्यायची गरज नाही, एकच घेतात सगळे.

रंगाचं म्हणाल तर पांढऱ्यावर किंवा पिवळट रंगावर काळा मार्कर उत्तम. लालवर काळा किंवा सिल्व्हर. काळ्या ग्लोव्हवर सिल्व्हर किंवा सोनेरी पेंट पेनच लागतो. गडद मरूनवर निळा मार्कर चालवू नका, मी चालवलाय, बल्ब लावून तिरकं बघितलं तरच सही दिसते.

प्रत्यक्ष सामन्यात वापरलेले ग्लोव्ह हा वेगळाच खेळ आहे. १९६४ मध्ये लिस्टनला हरवताना अलीने (तेव्हा तो कॅशियस क्ले होता) घातलेले ग्लोव्ह २०१४ च्या लिलावात ८,३६,५०० डॉलरला गेले. तिथे सहीपेक्षा जुने फोटो जुळवून शिवण, डाग, लेस बघतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, आणि 'हा सामन्यात वापरलेलाय, स्वस्तात देतो' असं कुणी म्हणालं तर अजिबातच नाही.

फोटो स्वस्त, पाठवायला सोपा, फ्रेम करायला सोपा. पहिली सही फोटोवर घ्या, हात बसू दे, मग ग्लोव्ह.

३. सोबत ठेवायचं सामान

- नवीन काळा मार्कर दोन, निळा एक. जुना अर्धवट सुकलेला नको, सहीच्या मध्येच दम तोडतो
- सिल्व्हर पेंट पेन, आणि तो चालू करायला रद्दी कागद
- मऊ कोरडं फडकं
- चकचकीत फोटो असेल तर थोडी बेबी पावडर. हलक्या हाताने फिरवून पुसून टाकायची, तेलकटपणा जातो आणि शाईचे थेंब होत नाहीत
- सही कुठे हवी ते दाखवायला चिकट चिठ्ठ्या, सहज निघणाऱ्या
- फोटोसाठी कडक पुठ्ठा आणि प्लास्टिकचं पाकीट (पीव्हीसीचं नको, त्याने शाई आणि फोटो दोन्ही खराब होतात)
- मोबाइल, चार्ज केलेला, स्टोरेज रिकामं केलेला
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, हे नंतर विकत घेताना लागेल
- कार्यक्रमाचं तिकीट, पावती, सगळे कागद ठेवायला एक फोल्डर

पेंट पेन आधी हलवायचा, रद्दीवर टोक दाबून शाई उतरवायची, दोन रेघा मारायच्या आणि मग चॅम्पियनच्या हातात द्यायचा. हे तिथे टेबलासमोर उभं राहून करू नका, रांगेतच करा. माझ्या पुढच्या एकाने टेबलावरच पेन दाबला आणि सिल्व्हर शाईचा गोळा थेट ग्लोव्हवर. त्याचं तोंड आठवलं की अजून वाईट वाटतं.

४. समोर उभं राहून सही घेणं, सगळ्यात उत्तम

तुमच्या त्या प्रश्नाचं याच्याहून चांगलं उत्तर नाही: माझ्यासमोर झाली.

बॉक्सिंगवाल्यांची मोठी जत्रा म्हणजे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातलं कॅनास्टोटा हे छोटंसं गाव. तिथे इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेम आहे. कार्मेन बॅसिलिओ हा पन्नासच्या दशकातला चॅम्पियन या गावचा, त्याच्या अभिमानापोटी हे सगळं उभं राहिलं. १९९० पासून हॉल ऑफ फेममध्ये बॉक्सर घेतले जातात आणि त्याचा सोहळा जून महिन्यात असतो. त्या दोन-चार दिवसांत जुने चॅम्पियन गावात मोकळे फिरत असतात. बॉक्सरांच्या मुठींचे साचे म्युझियममध्ये ठेवलेत, ते जरूर बघा, हेवीवेटची मूठ म्हणजे काय चीज असते ते तिथे कळतं.

याशिवाय सह्यांचे शो असतात, एखादा चॅम्पियन दुकानात किंवा जिममध्ये येतो, पुस्तक आलं की त्याच्या सह्यांचा कार्यक्रम ठेवतात. बहुतेक ठिकाणी सहीचं वेगळं तिकीट असतं. ते घेताना तीन गोष्टी विचारा: स्वतःची वस्तू चालेल का, ग्लोव्हला जादा पैसे आहेत का, आणि नाव किंवा वाक्य लिहून हवं असेल तर त्याचे किती. फोटोचं तिकीट घेऊन ग्लोव्ह पुढे करणारे दर वेळी दिसतात आणि दर वेळी वाद होतो.

टेबलापाशी पोचलात की 'चॅम्प' म्हणा. बॉक्सिंगमध्ये एकदा चॅम्पियन झालेल्याला मरेपर्यंत चॅम्पच म्हणतात आणि त्यांना ते आवडतं. हात मिळवताना जोर लावू नका, या लोकांचे हात आयुष्यभर तुटून जुळलेले असतात, म्हातारपणी दुखतात. काहींना बोलायला, ऐकायला वेळ लागतो. घाई करू नका. कुठल्या सामन्यात त्याला कुणी लोळवलं तो विषय काढायचा नसतो हे सांगायला नको, पण सांगतो, कारण मी एकाला तोंडावर विचारताना ऐकलंय.

ग्लोव्ह द्यायची पद्धत आहे. सहीची बाजू वर करून, खालून तुम्हीच घट्ट धरा म्हणजे तो गोल फिरत नाही. पेनाचं टोपण काढून द्या. सही झाली की लगेच पिशवीत टाकू नका, पेंट पेनला सुकायला चांगली दहा-पंधरा मिनिटं द्या, मार्करला कमी लागतात. मी एकदा ओला ग्लोव्ह फडक्यात गुंडाळला आणि फडक्यावर आली उलटी सही.

आणि हो, व्हिडिओ. सोबत कुणी असेल तर त्याला सांगा की पेन वस्तूला टेकल्यापासून उचलेपर्यंत सलग शूट कर, चेहरा आणि वस्तू दोन्ही दिसायला हवेत. नुसता सही झाल्यावर ग्लोव्ह धरून काढलेला फोटो चांगला असतो पण पुरावा म्हणून तेवढा पक्का नाही, सही झालेला ग्लोव्ह कुणीही चॅम्पियनच्या हातात देऊन फोटो काढू शकतो.

५. प्रायव्हेट सायनिंग

तुम्हाला प्रत्यक्ष जाता येत नसेल तर हा दुसरा रस्ता. एखादी कंपनी चॅम्पियनला एका दिवसासाठी बोलावते, आधी जाहीर करते, लोक आपापल्या वस्तू पाठवतात किंवा कंपनीचीच वस्तू आधी पैसे भरून घेतात. चॅम्पियन खोलीत बसतो, सगळ्यांवर सह्या करतो, वस्तू परत येते. यात बऱ्याचदा तपासणाऱ्या संस्थेचा माणूस तिथे हजर असतो, तो बघतो आणि तिथेच स्टिकर लावतो, आणि हीच याची खरी किंमत.

जाहिरातीतला पहिला आकडा साध्या फोटोचा असतो. ग्लोव्ह, रोब, बेल्ट यांना वेगळा दर, त्यावर वाक्य हवं असेल तर अजून, स्टिकरचे वेगळे, परत पाठवायचे वेगळे. सगळी बेरीज करून मग हो म्हणा. पोचायची शेवटची तारीख असते आणि परदेशातून पाठवत असाल तर कस्टममध्ये पार्सल किती दिवस अडकेल याचा भरवसा नसतो, म्हणून कमीत कमी महिनाभर हाताशी ठेवा. पार्सलवर किंमत खरी लिहा, विमा काढा, ट्रॅकिंग घ्या. जाताना तो साधा ग्लोव्ह असतो, येताना मात्र सहीमुळे त्याची किंमत वाढलेली असते आणि ड्युटी त्यावर लागू शकते, आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

वस्तूवर चिठ्ठी लावा: इथे सही, या रंगाने, हे वाक्य. वाक्य मोठ्या स्वच्छ अक्षरात आणि अचूक स्पेलिंगने लिहा, चॅम्पियन जसंच्या तसं उतरवतो. काय लिहून घ्यावं? सामन्याचं नाव किंवा तारीख छान दिसते. होलीफिल्ड स्वतःच बऱ्याचदा सहीखाली बायबलमधल्या एका ओळीचा आकडा टाकतो, फिलिप्पैकर ४:१३, त्याला सांगावं लागत नाही. स्वतःचं नाव लिहून घ्यायचं की नाही यावर दोन तट आहेत, नाव लिहिलं की पुढे विकताना भाव उतरतो. माझ्या मते पहिल्या ग्लोव्हवर नाव घ्याच, विकायचाय कुणाला.

६. पोस्टाने मागणं

जुनी, स्वस्त आणि धीराची पद्धत. पत्र लिहायचं, सोबत कार्ड किंवा छोटा फोटो, आणि परत यायला आपला पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. तिकीट त्या देशाचं हवं, आपल्या देशाचं तिथे चालत नाही, ही चूक पहिल्यांदा सगळेच करतात. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, १९३० ते १९३२ चा चॅम्पियन, नव्व्याण्णव वर्षं जगला आणि अगदी म्हातारपणीही पोस्टाने आलेल्या विनंत्यांना सह्या पाठवायचा. सगळे तसे नसतात. महिनोन्‌महिने उत्तर येत नाही, कधीच येत नाही, किंवा 'इतके पैसे पाठवा' अशी छापील चिठ्ठी येते.

पत्र हाताने, एका पानाच्या आत. एक-दोन वस्तू, दहा नाही. न विचारता ग्लोव्ह अजिबात पाठवू नका. घरचा पत्ता शोधून त्यावर पाठवायचा आगाऊपणा करू नका, जिम, फाउंडेशन, मॅनेजर असे जाहीर पत्ते असतात तेच वापरा.

सही आली की नाचायच्या आधी तपासा. ती सेक्रेटरीने किंवा घरच्या कुणी केलेली असू शकते, रबरी शिक्का असू शकतो, फोटोवर छापलेली असू शकते, किंवा मशीनने केलेली. मशीनची ओळख म्हणजे दोन वेगवेगळ्या लोकांकडच्या सह्या एकावर एक ठेवल्या की तंतोतंत जुळतात. माणूस आपली सही तशीच्या तशी दोनदा करत नाही.

७. दुसऱ्याकडून विकत घेताना: इथेच सगळे बुडतात

हा भाग सावकाश वाचा.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत खोट्या सह्यांचा एवढा सुळसुळाट झाला की एफबीआयने ऑपरेशन बुलपेन नावाने मोठी मोहीम काढली. सह्या ठोकणारी आख्खी टोळी सापडली, खेळाडू, नट, कुणाच्याही. त्यात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही निघाला! मदर तेरेसा बेसबॉलवर कशाला सही करतील हा प्रश्न घेणाऱ्याला पडत नाही, कारण सोबत सर्टिफिकेट असतं. माझ्या लाल ग्लोव्हचंही तेच झालं होतं. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे 'मी खरं बोलतो असं मी म्हणतो', त्याला तेवढीच किंमत द्या.

विकत घेण्याआधी एक काम घरी करा. ज्या चॅम्पियनची सही हवी त्याच्या पक्क्या सह्यांचे फोटो वर्षवार जमवा, मोठ्या लिलावांच्या जुन्या नोंदींमध्ये मिळतात. पन्नास तरी बघा. अलीचंच उदाहरण घ्या. मार्च १९६४ च्या आधी तो कॅशियस क्ले म्हणून सही करायचा. नाव बदललं, मग मुहम्मद अली, साठ-सत्तरच्या दशकात मोठी, वाहती, बिनधास्त. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं, त्यानंतरच्या सह्या हळूहळू आखडत, बारीक होत गेल्या. आता कुणी २००० नंतरच्या कार्यक्रमातली म्हणून मोठी झोकदार सही दाखवली, तर तुम्हाला काय वाटायला हवं?

यातली एक खाच सांगतो. नंतरच्या वर्षांत अलीने मागणीवरून 'कॅशियस क्ले' अशाही सह्या केल्यात. त्यामुळे नव्या ग्लोव्हवर क्लेची सही असेल तर ती खोटीच असं नाही, पण ती १९६३ ची नाही, आणि १९६३ चा भाव लावणारा एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय. ग्लोव्हचं आतलं लेबल, कंपनीचा लोगो, फोटोचा कागद, मार्करचा प्रकार, हे सगळं सही ज्या काळातली म्हणतात त्या काळाशी जुळायला हवं. मार्सियानोची सही पेंट पेनने केलेली असेल तर पुढे बोलायचं कारणच नाही.

अलीच हवा असेल तर एक सुचवतो. तो इस्लामवरची छोटी पत्रकं सही करून वाटायचा, ढीगभर वाटलीत. ती ग्लोव्हइतकी दिमाखदार दिसत नाहीत, म्हणून तुलनेने परवडतात.

मग भिंग काढा. छापील सही ठिपक्याठिपक्यांची दिसते. खऱ्या मार्करची शाई उजेडात तिरकी धरली की वेगळी चमकते, जिथे रेघ रेघेला छेदते तिथे गडद होते. खोटी सही करणारा बघून बघून काढतो, चित्र काढल्यासारखी, त्यामुळे रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची, मध्येच थबकलेली, टोकं बोथट. खऱ्या सहीत वेग असतो, शेवटची रेघ निमुळती होऊन उडते. पण हे ऐकून लगेच स्वतःला तज्ज्ञ समजू नका, रांगेत तीनशे लोक असताना खरा चॅम्पियनही गिचमिड करतो आणि म्हाताऱ्या हाताची रेघ खरोखर थबकते. भिंगाने खोटी पकडता येते, खरी सिद्ध करता येत नाही.

विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकलं की मी उठतो:

- 'माझे काका त्याच्या सुरक्षा पथकात होते', आणि काकांचा फोटो नाही, पत्र नाही, काही नाही
- एकाच विक्रेत्याकडे अली, लिस्टन, मार्सियानो तिघेही, आणि तिघांचं पेन सारखं
- 'आज रात्रीच ठरवा'
- 'तपासायला पाठवू नका, त्या संस्था सगळ्या चोर आहेत'

लिलावात बोली लावणार असाल तर बायर्स प्रीमियम आधी बघा, म्हणजे जिंकलेल्या बोलीवर लिलाववाले वरून टक्केवारी लावतात. बोलीच्या भरात हे डोक्यातून जातं आणि बिल आलं की घाम फुटतो.

८. ऑथेंटिकेशन, स्टिकर आणि त्यांचा अर्थ

बाजारात ज्यांचा शब्द चालतो अशा तीन संस्था: पीएसए, जेएसए आणि बेकेट. कुणी वेगळ्याच नावाचं सर्टिफिकेट दाखवलं तर आधी चौकशी.

दोन प्रकार नीट समजून घ्या. एक, साक्षीचं: त्यांचा माणूस सही होताना हजर होता. दोन, मताचं: वस्तू नंतर त्यांच्याकडे गेली, त्यांनी जुन्या सह्यांशी ताडून आपलं मत दिलं. दुसरं निरुपयोगी नाही, जुन्या चॅम्पियनच्या बाबतीत तेच शक्य असतं, पण ते मत आहे आणि मत चुकू शकतं. फोटो बघून ऑनलाइन दिलेला झटपट अंदाज तर त्याहून कच्चा, त्याला सर्टिफिकेट म्हणून कुणी विकत असेल तर फसवतोय.

स्टिकरवर नंबर असतो, तो संस्थेच्या साइटवर टाका. नंबर सापडला म्हणजे झालं असं नाही, तिथली वस्तू तीच आहे का बघा. नोंद फोटोची आणि समोर ग्लोव्ह, असं मी स्वतः पाहिलंय. नोंदीत वस्तूचा फोटो असेल तर सहीची रेघन्‌रेघ जुळवा, कारण स्टिकरचीही नक्कल होते.

आपली वस्तू तपासायला पाठवताना फी, परत यायचा खर्च आणि लागणारे महिने यांची तयारी ठेवा. आणि मनाचीही.

९. घरी आल्यावर

ऊन हा सहीचा पहिला शत्रू. मार्कर उन्हात फिका पडतो, काळ्याचा जांभळट-तपकिरी होतो. खिडकीसमोर ठेवू नका, यूव्ही अडवणारी काच किंवा अॅक्रिलिकची पेटी घ्या, तरीही थेट ऊन नको. फोटो फ्रेम करताना आम्लविरहित पुठ्ठा मागा आणि काच फोटोला चिकटू देऊ नका.

ग्लोव्ह प्लास्टिकमध्ये करकचून गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवला तर रेग्झिन चिकट होतं आणि शाई प्लास्टिकला लागते. मोकळा ठेवा, आत आम्लविरहित कागद भरा म्हणजे आकार राहतो, पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. सहीवरून बोट फिरवायचं नाही, पाहुण्यांनाही फिरवू द्यायचं नाही. सही पुसट झाली म्हणून वरून गिरवलीत तर संपलं, ती मग तुमची सही झाली.

१०. कागदपत्रं

प्रत्येक वस्तूसाठी एक पाकीट करा. त्यात:

- खरेदीची किंवा कार्यक्रमाची पावती, तिकीट
- सही होतानाचा फोटो छापून, व्हिडिओ दोन ठिकाणी साठवून
- सर्टिफिकेट आणि नंबर, साइटवरच्या नोंदीचा प्रिंट
- आधीच्या मालकाकडून घेतली असेल तर त्याच्या हाताने लिहिलेलं, सही-तारखेचं पत्र: त्याला कुठे, कधी, कशी मिळाली
- पार्सलची आणि कस्टमची कागदं
- तुम्ही स्वतः त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळी

ते शेवटचं लोक टाळतात. मी रांगेतून बाहेर पडलो की लगेच मोबाइलवर लिहून ठेवतो, तारीख, जागा, पेन कुठला, चॅम्प काय म्हणाला. माझ्या एका ग्लोव्हच्या पाकिटात लिहिलंय की सही करून झाल्यावर त्याने ग्लोव्ह उलटापालटा केला, आत हात घालून बघितला आणि म्हणाला, लहान आहे. लाल ग्लोव्हचंही पाकीट आहे, त्यात नापास झाल्याचं पत्र तेवढं आहे.